देवाचं प्रतिरूप माणसात नेमकं कुठे असतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाच्या शिबिरात वक्त्यांनी शिकवलं की देवाचं प्रतिरूप म्हणजे बुद्धी, विवेक आणि वाणी. जनावरांत ते नाही, माणसात आहे. तुमच्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. तो मोजके शब्द बोलतो, पैशांचा हिशेब त्याला जमत नाही, आणि ‘त्याला समजत नाही’ म्हणून आजवर त्याला प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत देतात ती भाकर आणि द्राक्षरस, दिलेलं नाही. तुम्ही विचारता, मग त्याच्यात देवाचं प्रतिरूप कमी आहे का? आणि देव आत्मा आहे, त्याला देह नाही, तर प्रतिरूप असायला बुद्धीखेरीज दुसरी जागा उरते तरी कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसूभरही कमी नाही. दुसऱ्याला वेळ लागेल. मी आधी मंडळीत पाळक होतो, पुढे जुना करार शिकवत आलो, आणि हा दुसरा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या वक्त्यांना दोष देऊ नका. त्यांनी सांगितलं ते शतकानुशतकं चांगल्या चांगल्यांनी सांगितलेलं आहे. तरी ते शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, आलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शास्त्र काय म्हणतं ते बघू. या विषयावर आपल्याकडे जेवढं बोललं जातं त्या मानाने शास्त्रात फार थोडं आहे. सबंध इब्री शास्त्रात, म्हणजे हिब्रू भाषेतल्या जुन्या करारात, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असल्याचा उल्लेख उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात तीन जागी येतो (आकडे आधी अध्यायाचे, मग वचनांचे): १:२६-२७, ५:१-३ आणि ९:६. पहिल्या जागी देव आपल्या प्रतिरूपाचा, आपल्याशी सदृश असा मनुष्य करायचं ठरवतो आणि नर व नारी अशी त्यांना घडवतो. दुसऱ्या जागी त्याची आठवण देऊन लगेच सांगितलंय की आदामाला त्याच्या स्वतःच्या प्रतिरूपाचा मुलगा झाला, शेथ. तिसरी जागा जलप्रलयानंतरची: माणसाचं रक्त सांडू नका, कारण देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. यांत बुद्धीचं नाव नाही, वाणीचं नाही, अमर आत्म्याचंही नाही. व्याख्या दिलेलीच नाही. ज्या अर्थी ती दिली नाही त्या अर्थी पहिल्या ऐकणाऱ्यांना तिची गरज नव्हती.

का नव्हती? कारण त्या काळच्या मध्यपूर्वेत देवाची किंवा राजाची प्रतिमा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. देवळात देवाची मूर्ती असे. जिंकलेल्या मुलखात राजा स्वतः सगळीकडे जाऊ शकत नसे, म्हणून तिथे त्याचा पुतळा उभा राही आणि इथे सत्ता कुणाची ते सांगे. १९७९ साली सीरियात तेल फेखेरिये इथे काळ्या दगडाचा असा एक पुतळा सापडला. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, हदद-यिसी नावाच्या स्थानिक राजाचा. त्याच्या अंगावर अक्कादी आणि अरामी अशा दोन भाषांत लेख कोरलेला आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रतिरूप आणि सादृश्य यांसाठी जे दोन इब्री शब्द आहेत, त्यांचेच अरामी भाऊबंद त्या लेखात आहेत, आणि दोन्ही त्या पुतळ्यालाच उद्देशून. विद्यार्थ्यांना त्या पुतळ्याचा फोटो दाखवला की वर्गातला निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. हात जोडून उभा असलेला एक दाढीवाला माणूस, झालरीचा झगा, खाली ओळीने कोरलेली अक्षरं. त्याच्यात बुद्धी किती, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. तो कुणाचा आहे आणि कुणाच्या वतीने उभा आहे, एवढंच विचारलं जातं.

इजिप्तमध्ये हीच भाषा जिवंत राजासाठी वापरत. तुतनखामुन या नावाचा अर्थच ‘अमून देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. (तिथल्या एका जुन्या बोधग्रंथात सामान्य माणसांनाही देवाच्या प्रतिमा म्हटलंय, तेव्हा ही कल्पना अगदीच कुणाच्या मनात आली नव्हती असं नाही. पण दरबाराची रोजची भाषा ती नव्हती.) बाबेलमधली (बॅबिलोनमधली) निर्मितीकथा तर उघडच सांगते की देवांना कष्ट नकोसे झाले म्हणून मारल्या गेलेल्या किंगू देवाच्या रक्तातून माणूस घडवला, देवांचा भार वाहायला. उत्पत्तीचा पहिला अध्याय यहुदी लोकांच्या बाबेलमधल्या बंदिवासात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात लिहिला गेला असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर तो लिहिणारे आणि ऐकणारे लोक कोण होते याचा विचार करा. हरलेले, देऊळ गमावलेले, परक्या राजाच्या पुतळ्यांखालून रोज ये-जा करणारे. अशांच्या उपासनेत वाचलं जातं की ती राजपदवी सगळ्या मनुष्यजातीची आहे, पुरुषाची आणि स्त्रीची, गुलामाची आणि धन्याची. देवाची मूर्ती घडवू नका या आज्ञेलाही मग वेगळा अर्थ येतो: स्वतःच्या प्रतिमा देवाने आधीच घडवल्या आहेत, त्यांना श्वास आहे आणि त्या रस्त्याने चालतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘सत्ता चालवायलासुद्धा बुद्धी लागतेच ना?’ हा आक्षेप वर्गातही येतो आणि तो फालतू नाही. पहिल्या अध्यायात प्रतिरूपापाठोपाठ मासे, पक्षी, गुरंढोरं यांच्यावरच्या अधिकाराचं वाक्य आहे खरं. पण तो अधिकार ‘त्यांना’, म्हणजे सगळ्यांना मिळून दिलेला आहे. एकेकट्या माणसाची परीक्षा घेऊन वाटलेला नाही. आणि बाकीच्या दोन जागा बघा. शेथ आदामाच्या प्रतिरूपाचा आहे तो जन्मला म्हणून; तान्ह्या पोराने अजून काहीच केलेलं नाही. नवव्या अध्यायात तर ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस मेलेला आहे. तो कशावरही सत्ता चालवत नाही, विचार करत नाही, बोलत नाही. तरी त्याच्या रक्ताचा जाब देव विचारतो, आणि कारण देतो प्रतिरूपाचं. हे वाक्य पतनानंतरचं, म्हणजे आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडल्यानंतरचं आहे, जलप्रलयानंतरचं आहे, म्हणजे माणूस किती बिघडलाय ते देवाने पुरतं पाहिल्यानंतरचं. नव्या करारात याकोब तेच धरतो (३:९): ज्या जिभेने प्रभूचा धन्यवाद करता त्याच जिभेने देवाच्या सादृश्याने केलेल्या माणसाला शाप देता? समोरचा हुशार आहे की ठार वेडा, याची चौकशी याकोब करत नाही.

मग बुद्धी आली कुठून? ग्रीक विचारांतून. माणूस म्हणजे विवेकी प्राणी, ही व्याख्या मंडळीच्या जुन्या शिक्षकांच्या हाडीमासी खिळली होती. शास्त्रात रिकामी जागा दिसली आणि ती व्याख्या तिथे जाऊन बसली. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिन या धर्मगुरूने त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरच्या) ग्रंथात मनातली स्मृती, समज आणि इच्छा या तिघांत देवाच्या त्रैक्याचं प्रतिबिंब शोधलं. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनस या धर्मपंडिताने ते काटेकोरपणे मांडलं आणि तर्काच्या ओघात तो अशा ठिकाणी पोहोचला की बुद्धीच्या दृष्टीने देवदूत हे माणसापेक्षा देवाचं अधिक चांगलं प्रतिरूप ठरतात. शास्त्र देवदूतांबद्दल असं एकदाही म्हणत नाही! दोघांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की प्रतिरूप कुणाही माणसातून पुरतं नाहीसं होतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. ऑगस्टिन म्हणतो, ते झिजून जवळजवळ दिसेनासं झालं तरी असतंच. पण ‘जवळजवळ दिसेनासं’ याचं उदाहरण म्हणून अॅक्वायनस ज्यांना विवेक वापरता येत नाही अशांनाच पुढे करतो. तुमच्या भावाचा नंबर तिथे लागतो, शेवटच्या रांगेत. शिबिरातलं वाक्य या लांबच्या वाटेने तुमच्यापर्यंत पोहोचलंय.

बायकांनाही याच रांगेत कधीकधी मागे ढकललं गेलं. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (११:७) पुरुषाला देवाचं प्रतिरूप व वैभव आणि स्त्रीला पुरुषाचं वैभव म्हटलंय, आणि त्यावरून बराच घोळ झाला. ऑगस्टिनसुद्धा एके ठिकाणी लिहून गेला की केवळ सहायक म्हणून वेगळी पाहिली तर स्त्री प्रतिरूप नाही, पुरुषाबरोबर मिळून आहे. त्याने नंतर तिच्या मनाबद्दल पुरुषासारखंच लिहिलं, तरी ते वाक्य राहिलंच. उत्पत्ती १:२७ समोर ठेवलं की ते टिकत नाही. पौलही पुढच्याच ओळींत (११:११-१२) सांभाळून घेतो, पण प्रवचनात तिथपर्यंत जायला बहुतेकांना वेळ नसतो.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट मंडळ्या वेगळ्या झाल्या त्या धर्मसुधारणेच्या काळातला वाद लवकर उरकतो. ल्यूथरच्या मते पतनात प्रतिरूप गमावलं, कॅल्विनच्या मते भयंकर विद्रूप झालं पण अवशेष राहिले. १९३४ मध्ये कार्ल बार्थ आणि एमिल ब्रुनर हे दोन धर्मपंडित याच मुद्द्याच्या आसपास इतके भांडले की बार्थच्या पुस्तिकेचं नावच ‘नाही!’ असं होतं. पुढे बार्थने प्रतिरूप नात्यात शोधलं, माणूस-माणूस आणि माणूस-देव. हे आजकाल फार लोकप्रिय आहे आणि मला अर्धंच पटतं. नातं जोडण्याची क्षमता हीच कसोटी केली, तर स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल किंवा कोमात असलेला माणूस पुन्हा दाराबाहेर. देवाने जोडलेलं नातं असं म्हटलं तर मात्र ठीक. कॅल्विनचं एक व्यवहारी वाक्य मी जास्त वापरतो. त्याचा आशय असा: माणसाची लायकी बघत बसू नका, त्याच्यातलं देवाचं प्रतिरूप बघा, त्याला तुम्ही सगळं काही देणं लागता.

नवा करार या सगळ्याला एक वळण देतो, आणि ते सोडून बोललं तर उत्तर ख्रिस्ती राहत नाही. कलस्सैकरांस पत्रात (१:१५) ख्रिस्त हा अदृश्य देवाचं प्रतिरूप आहे. म्हणजे आधी माणसाकडे बघून देव कसा असेल याचा अंदाज बांधायचा, असा हा मार्ग नाही. ख्रिस्ताकडे बघायचं, मग देव कळतो आणि माणूसही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने छान सांगितलंय: फळ्यावर काढलेलं चित्र डागांनी बिघडलं तर फळा फेकून देत नाहीत, ज्याचं चित्र होतं तोच पुन्हा येऊन समोर बसतो आणि त्याच फळ्यावर ते नव्याने रेखाटलं जातं. देहधारण, म्हणजे देवाने ख्रिस्तात माणूस होणं, हेच ते येऊन बसणं. रोमकरांस ८:२९ आणि कलस्सैकरांस ३:१० यांत विश्वासणाऱ्यांनी त्याच्या प्रतिरूपासारखं होत जाण्याची भाषा आहे ती याच अर्थाची. प्रतिरूप म्हणून मान सगळ्यांना आजच आहे, त्याला शोभेसं होणं ही आयुष्यभराची चाल. आणि पौल ज्याला प्रतिरूप म्हणतो तो वधस्तंभावर, क्रुसावर, खिळलेला माणूस आहे. हात बांधलेले, शेवटी बोलणंही खुंटलेलं. शक्तीवर आणि बुद्धीवर मोजायचं म्हटलं तर त्या शुक्रवारी तोही नापास होता.

इथे आपल्याकडचा एक नेहमीचा गैरसमज. ‘म्हणजे जीव हा ईश्वराचाच अंश, गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे तसं?’ असं हिंदू मित्र आपुलकीने विचारतात, आणि आपलेही पुष्कळजण मान डोलावतात. ‘ममैवांशो जीवलोके’ हे वचन मोठंच आहे, पण ख्रिस्ती शिकवण ती नाही. देव निर्माता, माणूस निर्मिती. प्रतिरूप म्हणजे देवाचा तुकडा नव्हे. हा फरक मान्य करून बोललं तर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतं.

आता मंडळीत हे कसं उतरतं ते सांगतो. आमच्याकडे एक वृद्ध बाई होत्या, तरुणपणी बायबलबाई म्हणून गावोगाव फिरलेल्या. शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. घरी भेटीला गेलो की सून त्यांना नाचणीचं सत्त्व भरवत असायची. एक चमचा, मग पदराने हनुवटी पुसणं, मग दुसरा. मध्येच म्हातारीने चमचा हाताने उडवला की सून काही न बोलता फरशी पुसून घ्यायची आणि पुन्हा बसायची. मुलगा मला दारापाशी नेऊन म्हणाला, “साहेब, आई आता आई राहिली नाही हो.” अशा वेळी आपण पाळक लोक एक ठरलेली गोष्ट सांगतो, की प्रभूची प्रार्थना म्हटली की त्यांचे ओठ हलतात बरं का. मला ती गोष्ट सांगावीशी वाटत नाही. ओठ हलले नसते तर? शिल्लक राहिलेल्या चार शब्दांवर तिचं मोल टांगलं, तर ते चार शब्द जातील त्या दिवशी काय करायचं? मी त्याला एवढंच म्हणालो की तिला तू आठवत नाहीस, पण देवाला ती आठवते, आणि तुझी बायको जे करतेय ती उपासनाच आहे. स्तोत्र ८ मध्ये हेच तर आहे: मर्त्य मानव तो कोण की तू त्याची आठवण करावीस? आठवण ठेवणारा तिथे देव आहे.

हे मवाळ सांत्वन वाटत असेल तर इतिहास बघा. या शिकवणीला चांगले दात आहेत. चौथ्याच शतकात नुस्साच्या ग्रेगरी या बिशपने जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना ‘मी दास व दासी विकत घेतल्या’ या ओळीशी थांबून भर मंडळीत विचारलं होतं, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत ठरवलीत, आणि विकणारा कोण, घेणारा कोण? गुलामगिरी सगळीकडे सर्रास असतानाचं हे बोलणं. ४ जुलै १९६५ रोजी अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांनी प्रवचनात सांगितलं की देवाच्या प्रतिरूपात पायऱ्या नसतात. दुसऱ्या बाजूला हेच शास्त्र वाचणाऱ्यांनी माणसं जहाजात भरून विकली, हेही तितकंच खरं. आणि लांब कशाला जायचं? स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती घरांत आजही विचारला जातो, आवाज जरा खाली आणून. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जात नसते, तोंडावर असते. याउलट आपल्याकडेच पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात खपाटीला पोट गेलेल्या मुली केडगावला आणल्या, आणि पुढे त्या मुक्ती मिशनमध्ये अंध आणि वृद्ध बायांनाही जागा दिली. त्यांतल्या कुणाची बुद्धी किती, हे विचारून प्रवेश नव्हता.

‘सत्ता’ या शब्दावरून पर्यावरणवाले आपल्याला धारेवर धरतात, १९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी लेख लिहिल्यापासून तर फारच. आरोपात तथ्य आहे, पण ते आपल्या वागण्यात आहे. मूळ मजकुरातला राजा तर शाकाहारी आहे: १:२९ मध्ये त्याला धान्य आणि फळं दिली आहेत, मांसाची परवानगी नवव्या अध्यायात येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात प्रतिरूपाच्या नावाखाली सृष्टीवर निरंकुश हक्क सांगणं साफ नाकारलंय, ते रास्तच आहे. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध लांबचा, म्हणून इथेच थांबतो.

आता प्रभुभोजनाचं. ‘त्याला समजत नाही’ म्हणणारे करिंथकरांस पहिल्या पत्रातला ११:२८-२९ चा आधार घेतात: माणसाने स्वतःची परीक्षा करावी, शरीर न ओळखता खाऊ नये. तोच अध्याय २१ व्या वचनापासून वाचा. तिथे पौल कुणावर चिडलाय? जे आधी येऊन पोटभर जेवतात आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना उपाशी ठेवून लाजवतात त्यांच्यावर. मंडळीतल्या दुबळ्याला पंगतीतून उठवणं हाच तिथला अपराध आहे. त्याच वचनाने तुमच्या भावाला उठवायचं म्हणजे पौलाचं बोट उलटं फिरवणं झालं. केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही प्रभुभोजन देतात, तिथे समज मोजत नाहीत. आपल्या बहुतेक मंडळ्यांत दृढीकरणाची (आपला विश्वास समजून जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीची) अट असते, ती मी मोडा म्हणणार नाही. पण तयारी त्याला झेपेल अशी करता येते. चित्रं दाखवा, तोच एक धडा पुन्हा पुन्हा घ्या. घरी छोट्या पेल्यात द्राक्षरस आणि पोळीचा तुकडा घेऊन सराव करा, म्हणजे त्या दिवशी तो बिचकणार नाही. बाकांच्या रांगेत कडेला बसवा, वेदीपर्यंत त्याचा हात धरून तुम्ही चला. ‘येशू’ आणि ‘माझ्यासाठी’ एवढं तो ओळखत असेल, तर आमच्यापैकी पुष्कळांपेक्षा त्याची तयारी कमी नाही.

पाळकांशी आधी एकट्याने बोला, कमिटीसमोर लगेच नेऊ नका. चारचौघांत माणसं नियमाला चिकटून बसतात. नकारच आला तर तो लेखी मागा, आणि कोणत्या वचनाच्या आधारे दिलाय तेही त्यात लिहायला सांगा.